नावाआधीची रेघ

फोनवर उन्नतीने "दादा" म्हटलं आणि सुमेधच्या हातातला टोस्ट कपाच्या काठावरच थांबला. तसं त्यात काही नव्हतं. तिशीला टेकलेली पोरगी पन्नाशीकडे निघालेल्या माणसाला दादा म्हणते, यात अपमान शोधायचा तर शोधणाऱ्याकडे रिकामा वेळ भरपूर पाहिजे. आणि सुमेधकडे तो होता. भिलाईच्या स्मृति नगरातल्या त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत, त्याच्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसून लग्नाचे फोटो सुधारताना ही पोरगी वर्षानुवर्षं "सर" म्हणत आली होती. सर, हा झुमका कापू का ठेवू. सर, नवरीच्या काकूचा दंड बारीक करू का. काम सोडून जुनवानीला स्वतःचं दुकान टाकलं तरी सरच. पौर्णिमेला विहारात भेटली तरी चपला काढता काढता "जय भीम, सर". आणि आज, दात घासून झाल्या झाल्या, "जय भीम, दादा. वेळ आहे का थोडा?" सुमेधचा यावर जुना हिशेब होता. सर म्हणणाऱ्याला काही द्यावं लागत नाही. तो येतो तोच वाकून, आणि जे मिळेल त्याला शिकवण म्हणून कपाळाला लावतो. दादाला मात्र द्यावं लागतं. दादा घरचा झाला, आणि घरच्या माणसाकडे लोक मागत नाहीत, उचलून नेतात.

"बोल ना," तो म्हणाला. टोस्ट चहात बुडाला आणि तुटला.

"सॉफ्टवेअर आपोआप अपडेट झालं, दादा. आता उघडूनच नाही राहिलं. सुरू होताना प्लगइनची नावं येतात ना खाली एकेक, तथी मधातच अटकते. बंद करून दहादा पाह्यलं. शिफ्ट दाबून उघडलं तर उघडते, पण मग मेनूत एकही प्लगइन नाही. तुमचं पूर्ण फोल्डर गायब."

"फोल्डर गायब, का मेनूत गायब?"

"फोल्डरात फाइली आहेत. मेनूत नाही." मग तिचा आवाज जरा खाली आला. "मोहित भैयाचं काम आहे. आज रिसेप्शन आहे, पडद्यावर दाखवाचे फोटो आहेत. सात वाजेपर्यंत पायजे. आजचं बरोबर झालं तर पूर्ण सीझन माझ्याकडे देतो म्हणाले."

हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं. मोहित हा दुर्गचा फोटोग्राफर. तीन कॅमेरे, एक ड्रोन, आणि तोंडात कायम "सर, अर्जेंट है". त्याच्या लग्नांचे फोटो पूर्वी सुमेधकडे यायचे. नवरीच्या नाकावरचा घाम, मामाच्या शर्टावरचा रस्सा, मंडपाच्या मागे लटकलेली वायर, सगळं पुसून गुळगुळीत होऊन जायचे. गेल्या दिवाळीपासून ते येणं विरळ झालं आणि मग थांबलं. मोहितने कधी काही सांगितलं नाही. भिलाईत काम काढून घेताना कोणी सांगत नाही. नुसतं "सर, अभी काम ही कम है" असं म्हणतात, आणि माणूस आपणहून समजून घेतो की काम कमी नाही, आपण कमी झालो. कोणाकडे गेलं हे सुमेधने कधी विचारलं नव्हतं. आज ज्याच्याकडे गेलं त्याच व्यक्तीने फोन करून सांगितलं, आणि वर मदत मागितली, आणि दादा म्हटलं.

"थांब, घाबरू नको," सुमेध म्हणाला. घाबरलेल्या माणसाला घाबरू नको म्हणण्यातलं सुख त्याला फार दिवसांनी मिळत होतं. "पाहू आपण. शांततेनं करू."

पाहण्यासारखं काही नव्हतं, कारण त्याला माहीत होतं. हेच दुखणं त्याच्या मशीनला महिन्यापूर्वी झालं होतं. प्लगइन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला वरून जोडायच्या छोट्या छोट्या फाइली: एक चेहऱ्यावरचे डाग पुसते, एक केस सोडवते, एक पांढरं आभाळ निळं करते. सुरू होताना सॉफ्टवेअर एकेकीला हाक मारतं आणि एकेकीने ओ द्यायची असते. नव्या अपडेटला जुन्या घडणीची एक फाइल भेटली, तिला ओ देता येईना, आणि तिच्या मागे उभी असलेली सगळी रांग अडली. सुमेधने तेव्हा खाली थांबलेल्या नावावर विश्वास न ठेवता अर्ध्या फाइली बाहेर काढल्या, मग उरलेल्यातल्या अर्ध्या, मग त्यातल्या अर्ध्या. चहा गार व्हायच्या आत हातात एकच फाइल उरली. तिचं नाव होतं "सुमेध टच".

ही फाइल त्याची होती. म्हणजे लिहिली होती वरच्या माळ्यावर भाड्याने राहणाऱ्या, इंजिनीअरिंगच्या एका आंध्राच्या पोराने, पण शेजारी खुर्ची टाकून, इथं उजेड वाढव, इथं गाल ओला दिसू दे, असं सांगणारा सुमेध होता, आणि पोरगा डिग्री घेऊन गेला तेव्हा नाव सुमेधचं राहिलं. चेहऱ्यावर ती एक तकाकी आणायची. गालाच्या हाडावर दव पडल्यासारखी, कपाळावर दिव्याची. त्या काळात दुर्ग, बालोद, राजनांदगावच्या सगळ्या नवऱ्या एकाच आईच्या पोटी जन्मल्यासारख्या चमकत होत्या, आणि लग्नाचा अल्बम उलटताना बाया म्हणायच्या, हे सुमेध सरांकडचं दिसते. पुढे लोकांची नजर बदलली. आता नवरीला आपल्या गालावरची बारीक छिद्रं दिसायला हवी असतात. खरी वाटली पाहिजे म्हणे. टच मेनूत पडून राहिली. ती अडथळा आहे हे कळल्यावर सुमेध माउसवर हात ठेवून बराच वेळ बसला होता. संघमित्रा, त्याची बायको, दारातून म्हणाली होती, काय झालं. तो म्हणाला, काही नाही, जुनं काढून टाकलं. आणि काढून टाकलं. त्याला वाटलं होतं की दुसऱ्या दिवशी काहीतरी उणं पडेल, कोणत्या तरी चेहऱ्यावर हात अडखळेल. तसं काही झालं नाही. महिनाभरात एकाही कामात त्याला तिची आठवण आली नाही, आणि हे जेव्हा त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला कोणीतरी आपल्याला न सांगता आपल्या तेराव्याचं जेवण उरकून गेल्यासारखं वाटलं.

तर उन्नतीला सांगायचं होतं ते एका वाक्याचं. माझी फाइल काढ. चार वर्षांचं पोर बोलू शकेल इतकं सोपं वाक्य. पण ते बोलण्याआधी सुमेधच्या डोळ्यांसमोर फोल्डर देण्याचे समारंभ येऊन उभे राहिले. त्याच्याकडचं काम सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला तो निरोपाच्या दिवशी पेढे खाऊ घालायचा आणि एक पेनड्राइव्ह द्यायचा. आत त्याचं पूर्ण फोल्डर, वर्षानुवर्षं जमवलेलं. देताना तो तथागताच्या फोटोपाशी उभा राहायचा आणि नेहमी तेच सांगायचा: यातलं काही काढाचं नाही, आणि टचले तर हातच लावाचा नाही, बाकी सगळ्या तिच्यावर चालतात. हे खोटं होतं. कोणतीच फाइल कोणावर चालत नव्हती. पण त्या दिवशी समोरच्याचे डोळे भरलेले असायचे, आणि भरल्या डोळ्यांना काहीही सांगितलं तरी ते नियमासारखं बसतं. दुर्ग-भिलाईच्या अर्ध्या दुकानांत हे फोल्डर पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर जसंच्या तसं गेलं होतं. सरांचं आहे, म्हणून कोणी आत पाहिलं नाही. आता त्या सगळ्या दुकानांना हा अपडेट येणार होता, एकेक करून, आणि सगळ्यांना एकच वाक्य सांगावं लागणार होतं. पहिलं कोणाला सांगायचं? तर हिला. मोहितचं काम जिच्याकडे गेलं तिला.

"ऐक," तो म्हणाला. "फोल्डर उघड. कीबोर्डवर एकच्या बाजूले नागमोडी रेघ आहे, दिसली? पहिल्या फाइलच्या नावाच्या आधी ती टाक. मग सॉफ्टवेअर उघडून पाह्य. अटकलं तर बंद कर, ती रेघ काढ, दुसऱ्या फाइलले लाव. असं एकेकीले."

"एकेकीले? अर्ध्या अर्ध्या काढून पाहू का, दादा? लवकर होईल."

हे तिला त्यानेच शिकवलं होतं. "अर्ध्या-अर्ध्यात गडबड होते," तो म्हणाला. "घाईचं काम नाही हे. माझं ऐक, एकेकीनं जा. मी फोनवरच आहे."

आणि तो होता. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. तिच्या पंख्याची घरघर आणि याच्या कूलरची घरघर एकमेकींत मिसळली. मधून मधून ती म्हणायची, "पहिली नाही," "दुसरीपण नाही," आणि हा म्हणायचा, "हूं, पुढची." तिचं मशीन जुनं, एकदा उघडायला माणूस आंघोळ करून यावा इतका वेळ. सुमेधने आंघोळही करून घेतली.

ती नागमोडी रेघ त्याला पहिल्यापासून आवडायची. नावाआधी ती लागली की सॉफ्टवेअर त्या फाइलला ओलांडून पुढे जातं. फाइल पुसली जात नाही, हलत नाही, जागच्या जागी असते. फक्त तिला कोणी हाक मारत नाही. माणसांसाठी इतकी स्वच्छ सोय कोणी केली नाही असं लोक समजतात, पण घराघरात ती असतेच. आता बाबांचंच घ्या. चंपत, रूळ घडवणाऱ्या रेल मिलमधून निवृत्त. पोलादाच्या आवाजाने त्यांचे कान कारखान्यातच ठेवून घेतले आणि बाकीचा माणूस तेवढा घरी पाठवला. सुरुवातीला घरात सगळे त्यांच्याशी दोनदा बोलायचे. मग मोठ्याने बोलायचे. मग खुणा. मग एके दिवशी कोणीतरी, बहुतेक सुमेधनेच, त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही आणि काहीही बिघडलं नाही. घर छान सुरू झालं. आता ते दिवाणावर बसून असतात, जे दार उघडेल त्याच्याकडे तोंड करून. संघमित्राने सुमेधच्या नावाआधी रेघ लावली असेल तर ती इतकी सफाईदार की जेवायला वाढतानाही समजत नाही. ती शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरीच असते. दिवसभर खोल्यांमधून फिरते आणि त्याच्यावरून जाताना कुठेही अडत नाही. आणि मोहितने तर लावलीच होती. सुमेधला एवढंच समजत नव्हतं की बाहेरून लावलेली रेघ आतल्याला दिसते का. फाइलला कळतं का, की आज आपली हाक चुकली?

बाबांना ऐकू येत होतं त्या काळात ते मिलमधला एक किस्सा सांगायचे. त्यांच्याकडे एक उस्ताद होता. पोरांना सगळं शिकवायचा, एक गोष्ट सोडून: रूळ वाकडा निघायला लागला की कोणता बोल्ट किती फिरवायचा, ते. तेवढं करायला पोरांना बाजूला व्हायला सांगायचा, स्वतः वाकायचा, कपड्याने हात पुसत यायचा आणि रूळ सरळ निघायचा. निवृत्त झाला तेव्हा शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, साहेबाचं भाषण. दुसऱ्या दिवशी रूळ वाकडा निघाला. पोरांनी दोन बोल्ट फिरवून पाहिले, तिसऱ्याला सरळ झाला. डबा खायच्या आधी. हे सांगताना चंपत पोट धरून हसायचे. "अन् तो मानूस जिंदगीभर घामेघूम होऊन रायला त्याच्यासाठी." सुमेध तेव्हा शाळेत होता, आणि त्याला बापाचं हसणं आवडलं नव्हतं. आजही नाही आवडलं. फक्त इतक्या वर्षांत त्याला हे कळलं होतं की तो उस्ताद चुकला कुठे. त्याने गुपित राखलं हे ठीक. पण ते फुटल्यावर कोणी कोणी हसलं ते पाहायला तो थांबला नाही.

"अकरावीपण नाही, दादा."

"हूं. पुढची."

उन्नती पहिल्यांदा आली तेव्हा आईच्या, शेवंताबाईच्या, मागे उभी होती. शेवंताबाई विहारात संघमित्राच्या शेजारी बसायची. संघमित्रा म्हणाली, पोरगी हुशार आहे, घ्या. सुमेधने तिला वर्षभर नुसते केस कापायला लावले. म्हणजे फोटोतले: नवरीच्या सुटलेल्या बटा, मागच्या झाडापासून एकेक केस सोडवायचा. ती सोडवून आणायची आणि तो गिऱ्हाइकासमोर मोठं करून दाखवायचा, "हे काय आहे? टक्कल?" गिऱ्हाईक हसायचं. ती न हसता परत घेऊन जायची. रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्याला थोपटता येतं. ती रडायची नाही, सुधारायची. एकदा राजनांदगावहून एक बाई आल्या, अल्बम हातात धरून, पान उलटून म्हणाल्या, "हमारा भी उसी लड़की से करवाना, सर." उसी लड़की से. सुमेध म्हणाला, जरूर, जरूर, आणि त्या रात्री जेवताना संघमित्राला म्हणाला की पोरगी आता हवेत गेली आहे. संघमित्रा म्हणाली, मले तर जमिनीवरच दिसते. दुसऱ्या आठवड्यात त्याने उन्नतीला पुन्हा केस कापायला बसवलं. तिने कापले. इतके सुरेख कापले की तो दाखवायला काही शोधू शकला नाही. काम सोडते म्हणून सांगायला आली तेव्हा पेढे तिनेच आणले होते. तेवढाही मान तिने त्याच्याकडे ठेवला नाही.

दुपारी ऊन गच्चीवरून खोलीत उतरलं. बाहेर रस्त्यावर कोणी नव्हतं. कुठेतरी कुल्फीवाल्याची घंटी एकदाच वाजून थांबली. फोनमधून उन्नतीचा आवाज आला, आणि त्यात पहिल्यांदा थकवा होता.

"दादा, सगळ्या झाल्या. एकीनंही नाही झालं. फक्त तुमची राहिली. टच. तिले लावू का रेघ?"

सुमेधने फोनकडे पाहिलं. कूलरच्या वाऱ्याने टेबलावरची जुनी लग्नपत्रिका उघडत मिटत होती. आता नुसतं हो म्हणायचं होतं. वाक्य तिनेच तयार करून आणलं होतं, याला सही तेवढी करायची होती. हो म्हटलं की ती उघडणार, सॉफ्टवेअर झरझर सुरू होणार, ती आनंदाने म्हणणार, झालं दादा, तुमचीच होती. तुमचीच होती. संध्याकाळी ती मोहितला सांगेल, सहज, वाईट मनाने नाही: सरांची एक जुनी फाइल होती, तिच्यामुळे अटकलं होतं. मोहित हसेल. मोहित ते दुर्गला सांगेल. डबा खायच्या आधी.

"पागल झाली का?" तो म्हणाला. आवाज मायेचा होता. त्याचाच त्याला अचंबा वाटला. "तिले लावली तर बाकीच्या कायमच्या जातीन. पुन्हा येणार नाही मग. तिच्यानं नाही झालं ते. तुझं सॉफ्टवेअरच खराब बसलं आहे. पूर्ण काढ अन् नव्यानं टाक."

"नव्यानं? दादा, माझं नेट माहीत आहे ना तुमाले. संध्याकाळ होईल."

"मग काय करतं? माझ्या हातात असतं तर मी केलं नसतं का?"

मग ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. सुमेधला तिचा "बरं" फार नीट ऐकू आला. चुकीचं औषध दिलेल्या माणसाने पाण्याचा घोट घ्यावा तसा होता. मग तो जेवायला बसला, भेंडीची भाजी होती, चांगली झाली होती, तसं त्याने बोलूनही दाखवलं. संघमित्रा म्हणाली, "सकाळपासून कोणाशी बोलून राहिले?" तो म्हणाला, "उन्नती. मशीन खराब झालं तिचं." "मग झालं का दुरुस्त?" "नाही." संघमित्राने त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली आणि त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

चार वाजता मोहितचा फोन आला. इतक्या महिन्यांनी स्क्रीनवर ते नाव उजळलं तेव्हा सुमेधने मुद्दाम चार रिंगा जाऊ दिल्या. "सर, एक अर्जेंट है. उन्नती से नहीं हो पा रहा. सात बजे तक आप कर दोगे क्या? आपका हाथ तो मैं जानता ही हूँ." सुमेध म्हणाला, "भेज दो." मोहित म्हणाला, "फोटो तो उसी के पास है हार्ड डिस्क में. उसको बोल देता हूँ, आपके घर छोड़ देगी." सुमेधला ही गोष्ट सुचली नसती. आपण क्रूर आहोत असं वाटणाऱ्या माणसाला जेव्हा दुसरा कोणी सहज, काही न मनात आणता, त्याच्यापुढे जातो, तेव्हा त्याला एक प्रकारचा आदर वाटतो. त्याने आरशात पाहून केस नीट केले.

ती स्कूटीवरून आली, तोंडाला ओढणी गुंडाळून. सोडली तेव्हा कपाळावर ओढणीचा वळ होता. डब्याच्या पिशवीत हार्ड डिस्क. बाबांनी दिवाणावरून हात जोडले, तिने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. सुमेधने तिच्या तक्रारीसाठी उत्तरं तयार ठेवली होती, दोन-तीन तर चांगली सुरेख होती. तक्रार आली नाही. "मोहित भैया म्हणाले इथं देऊन दे," एवढंच म्हणाली. "अन् दादा, तुमचं फोल्डर पुन्हा घेऊन जाऊ का? माझंवालं खराब झालं असंल. तुमचं तर चांगलं चालून राहिलं."

"घे ना," सुमेध म्हणाला, कारण नाही म्हणायला कारण नव्हतं, आणि त्याच वेळी कूलर खरखरायला लागला म्हणून तो बादली घेऊन आत गेला. नळाखाली बादली भरत असताना त्याला आठवलं की फोल्डरात काय नाही. बादली अर्धीच भरली होती. ती तशीच उचलून तो परत आला. उन्नती त्याच्या खुर्चीत बसली होती. तिचं बोट पडद्यावर होतं, एकेका नावावरून खाली सरकत. दारात संघमित्रा उभी.

"तुमची टच नाही दिसून राहिली, दादा."

"असंल तथीच."

"नाही. वरून खालपर्यंत पाह्यलं. रेघ लावलेलीही नाही. फाइलच नाही."

"मग उडाली असंल."

"चुकून उडाली असंल," उन्नतीने मान हलवली. त्याच्यासाठी तिने शब्द दुरुस्त करून दिला. तिने ओढणीच्या गाठीतून चाव्यांचा जुडगा काढला, त्यालाच पेनड्राइव्ह होता. "माझ्याकडे आहे. तुमीच दिलेली. टाकून देते."

"राहू दे आता. काम करायचं आहे."

"कामासाठीच तर. बाकी सगळ्या तिच्यावर चालतात ना. मधात बंद पडलं तर सात वाजेपर्यंत काय करान तुमी?"

सुमेधने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरे वाचणं हा त्याचा धंदा होता. कुठे सूज आहे, कुठे रडून झालंय, कुठे हसू वरून चिकटवलंय, हे तो पाहता क्षणी सांगायचा. या चेहऱ्यावर त्याला काहीच सापडलं नाही. थकवा, वळ, घाम, आणि शिकवलेलं पाळणाऱ्या माणसाचा एक साधा कामसूपणा. ती सूड घेत असेल तर तो त्यानेच शिकवलेल्या हाताने, एकही केस न तुटता, घेत होती. आणि घेत नसेल, तर ते आणखी वाईट होतं. त्याने संघमित्राकडे पाहिलं. तिला माहीत होतं, हे त्याला आता कळलं. तिला दुपारपासून, बहुतेक त्या महिन्यापूर्वीच्या दिवसापासून माहीत होतं.

फाइल फोल्डरात गेली. लहान होती, लगेच गेली. "उघडा आता," म्हणून उन्नतीने खुर्ची त्याला दिली आणि आपल्या जुन्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसली.

त्याने उघडलं. छोट्या खिडकीखाली नावं धावायला लागली, डाग पुसणारी, केस सोडवणारी, आभाळ बदलणारी, आणि मग थांबली. खिडकीत फक्त "सुमेध टच" राहिलं. बाण गोल गोल फिरत होता.

"पहिल्या वेळी लागते जरा," तो म्हणाला.

"माझ्याकडेही याच नावावर अटकत होतं," उन्नती म्हणाली. ती पडद्याकडेच पाहत होती. "सकाळपासून. तुमाले कसं सांगू, म्हणून बोलली नाही. म्हटलं, तुमी विचारान, कोणत्या नावावर अटकते म्हणून. मग सांगीन." ओढणीची गाठ तिने पुन्हा बांधली. "तुमी विचारलंच नाही, दादा."

खोलीत कूलरचं पाणी ठिबकत होतं. संघमित्रा दारातून म्हणाली, "चहा ठेवते. उन्नती, घेऊनच जा. वेळ लागते याले."

मोहितचा फोन आला. सुमेधने उचलला, मोहितचा आवाज नेहमीप्रमाणे सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतका. "सर, कहाँ तक पहुँचा?" अजून वेळ होता. सॉफ्टवेअर जबरदस्तीने बंद करायचं, फोल्डर उघडायचं, आपल्या नावाआधी एक रेघ टाकायची. एका बोटाचं काम. शेजारच्या खुर्चीत ती हात मांडीवर ठेवून बसली होती, शिकायला बसायची तशी, आणि तिची नजर त्याच्या बोटांवर होती. त्याने बोटं कीबोर्डवरून उचलली.

"नहीं हो पाएगा, मोहित," तो म्हणाला. "मशीन अटक गया है."

पलीकडून राग नसलेला, मोकळा आवाज: "ठीक है सर. रायपुर वाले को बोल देता हूँ. सीज़न का बाकी भी अब उधर ही दे देंगे, रोज़-रोज़ का झंझट ही नहीं."

फोन बंद झाला. उन्नतीने ते ऐकलं होतं. तिच्या तोंडाचा एक कोपरा क्षणभर आत ओढला गेला आणि परत जागेवर आला. तिने हार्ड डिस्कची वायर काढली, गुंडाळली, पिशवीत ठेवली. मग माउसकडे हात नेला.

"बंद करू का हे?"

"नको," सुमेध म्हणाला. "होऊन राहिलं ते."